रंगूबाईचं कवाड

रंगूबाई देवमाणूस होती असं कोणी म्हटलं का माहं डोकंच फिरते. देवमाणूस कायची? तोंडाची फाटकी बाई होती. आसेगावात तिच्या शिव्या खाल्ल्या नाईत असा एक माणूस दाखवा मले. सगळ्यात जास्त मी खाल्ल्या, कारण मी तिची सवत. आता ती गेली तं हेच लोक ओट्यावर बसून मान हलवतात, "लय सोसलं बिचारीनं." अबे, कुठं सोसलं? काईच सोसलं नाई तिनं. ती भांडली. बाजेवर पडल्या पडल्या भांडली, अन तुमच्याशीच भांडली. ते बरं विसरता तुमी!

म्हणून मीच सांगते. रुख्मिणी माहं नाव. पुंजाजीच्या पोराले, इंद्रभानले, मले दुसरेपणावर देल्ली. माह्या बापानं सांगतलं होतं, "पयली आहे, पण अधू आहे. तिचा तुले काय तरास?" काय तरास! अंगावरची हळद निघाली नोती, अन सासूनं, तुळसाबाईनं, गरम पाण्याचं घंगाळ अन चिंध्या हातात देऊन मले तिच्या खोलीत लोटलं. खोलीले कवाड नोतं, तरटाचा पडदा होता. कवाड बाजेवर होतं. बाजेवर कवाड, कवाडावर गोधडी, अन गोधडीवर रंगूबाई. कंबरेखालून सारी मेलेली, कंबरेवरून वाघीण. तिनं मले वरून खालपर्यंत पायलं.

"हात बळकट आहेत का वं तुहे?"

"आहेत."

"मंग पालट मले. खांदे अन कुल्ले एकाच वख्ती फिरले पायजे. मुरगाळलं तं कानशिलात हाणीन."

मी रडत रडत तिले कुशीवर केलं. तिनं कानशिलात हाणलीच. अशी आमची ओळख झाली.

ती पडली कशी ते मले तिनंच सांगतलं, इतल्या वेळा सांगतलं का मीच पडली होती असं वाटाले लागलं. जंगल सत्याग्रह झाला त्याच्या पुढल्या साली, ज्वारी हुरड्यावर आली होती. रंगूबाई वावरात मचानावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकलत होती. मचानाची एक बल्ली सडेल होती. ती मोडली अन ही पाठीवर खाली आली, वाळेल ढेकळाईवर. पाठीत कडकन झालं. पण बाई होशवर होती. पयले तिनं काय केलं माईत आहे? पायाचे अंगठे हलवून पायले. दोन्ही हलले.

इंद्रभान धावत आला. तिनं त्याले सांगतलं, "पाय चांगले आहेत. पाठीले हात नोका लावू, जीव जाते." बाजूच्या वावराच्या धुऱ्यावर फय्याज सुतार बाभूळ तोडून राह्यला होता. त्यानं मचानाचीच बांबूची शिडी ओढत आणली. म्हणे, "याच्यावर आडवी टाकू अन चौघं मिळून नेऊ." चांगलं डोकं चाललं होतं बिचाऱ्याचं. पण तेवढ्यात सासरा आला, पुंजाजी. शिडी पायली अन वरडला, "जित्या सुनेले तिरडीवर घालता का रे? माह्या घरी मयत झालं का?"

झालं. साऱ्याईचे हात थांबले. बांबूवर आडवं माणूस अन चार जण उचलणारे, म्हणजे मयतच. असं जितं माणूस नेलं तं ते घरी येत नाई म्हणे. कोणी पायलं होतं? कोणीच नाई. पण शिडी बाजूले फेकली. अन पुंजाजीनं सोताच्या हातानं, रडत रडत, तिच्या काखेत हात घालून तिले बसवलं. "उठ माय, काई नाई झालं तुले." मायेनं केलं हो त्यानं, मी कुठं नाई म्हणते? त्या मायेले काय चाटू मी?

रंगूबाईले वरडाचं होतं, नोका बसवू, नोका. पण सून होती ना ती! सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडाचं नाई. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला अन चूप राह्यली. आजबी मले त्या पदराचा लय राग येते. बैलगाडीत तिले टेकून बसवलं, मागून धरलं, अन खडकाळ नाल्यातून गाडी खडखड करत घरी आली. घरी आल्यावर तिनं पुन्हा अंगठे हलवून पायले. ते तिचं ऐकेनात.

मंग हाडवैद आला. त्यानं तिच्या पाठीत गुडघा देऊन ओढलं, पाला बांधला, भिलावा लावला. मंग अंगारे झाले. मंग पाठीले जखमा पडल्या, अन जखमांत अळ्या झाल्या. तिचा भाऊ रामकिसन भेटाले आला, त्यानं ते पायलं अन पुंजाजीची गचांडीच धरली. तवा कुठं तिले वाशीमले गाडीनं अन तिथून मोटारीनं अकोल्याले नेलं. तेबी बसवूनच.

अकोल्याचा डॉक्टर पुण्याकडचा होता, चष्मेवाला, बोलणं तुटक. त्यानं टाचणी घेतली अन छातीपासून टोचत टोचत खाली गेला. "कळलं?" "हो." "आता?" "हो." बेंबीखाली आला अन रंगूबाई गप झाली. तिथं त्यानं शाईनं आडवी रेघ मारली. गुडघ्यावर हातोडी मारली. तळपायावर खरडून पायलं. मंग इचारलं, "पडल्या पडल्या पाय हलत होते का?"

"अंगठे हलवले होते मी," रंगूबाई म्हणे.

डॉक्टरनं चष्मा काढला. माणसाईकडं वळून म्हणे, "मग हिला बसवलं कोणी?"

नवरा खाली पाहे, भाऊ पुंजाजीकडं पाहे, अन पुंजाजी भिंतीकडं. डॉक्टर चिडला. म्हणे, "पाठीच्या मणक्यांतून एक दोरी जाते, मेंदूपासून खाली. तीच पायांना हुकूम पोचवते. मणका मोडला होता, पण दोरी त्या दिवशी शाबूत होती. आडवी आणली असती तर ही बाई कदाचित चालली असती. तुम्ही बसवलीत, वाकवलीत, आणि मोडक्या हाडाखाली ती दोरी चिरडलीत."

रामकिसन म्हणे, "साहेब, काई दवा..."

"नाही. याला औषध नाही."

असं बोलून तो पुढच्या खाटेकडं निघाला. तवा रंगूबाईनं हात लांब करून त्याच्या कोटाचं टोक धरलं. साऱ्याईच्या पुढं, सासऱ्याच्या पुढं, डोक्यावरचा पदर पडेल. म्हणे, "डॉक्टर, रेघ माह्या पोटावर मारली अन बोलता या माणसाईशी? इकडं पाहून बोला. पाठ माही आहे."

मले हे सांगताना ती दर वेळी हासे. म्हणे, डॉक्टरचे कान लाल झाले होते. पण माणूस इमानाचा. तो परत फिरला, स्टूल ओढून तिच्यापाशी बसला, अन तिच्याकडं पाहून बोलला. पाय येणार नाईत, हे तिच्या तोंडावर सांगतलं. जगाचं असन तं लाकडी फळीवर निजाचं, कूस बदलत राह्याची, जखम कोरडी ठेवाची, हेबी सांगतलं. मंग तिनं इचारलं, "अन दुसरं कोणी असं पडलं तं?" तवा त्यानं दवाखान्यातल्या दोन नर्सबाया बोलावल्या अन तिच्याच अंगावर करून दाखवलं. डोकं, पाठ, पाय एका रेघेत ठेवाचे. एकीनं डोकं धराचं. एकदम कुशीवर फिरवाचं, पाठीखाली फळी सारायची, अन परत फळीवर फिरवाचं. बसवाचं नाई, उभं कराचं नाई, मानेखाली उशी नाई.

"साऱ्या मुलखानं मले बरं होईन बरं होईन म्हटलं," रंगूबाई सांगे, "एकच माणूस खोटं नाई बोलला. त्यालेबी आधी कोट ओढून सांगा लागलं."

घरी आल्यावर तिनं पयला हुकूम सोडला. "फय्याज, माह्या खोलीचं कवाड काढ अन बाजेवर घाल." तुळसाबाई छाती बडवाले लागली, सुनेच्या खोलीले कवाड नाई, लोक काय म्हणतीन! रंगूबाई म्हणे, "लोकाईनं माहे पाय खाल्ले, आता आडोसाबी खाऊ द्या." फय्याजनं कवाड काढलं. चांगलं सागाचं, रुंद, सपाट होतं. अन पुंजाजी त्या दिवसापासून त्या खोलीपुढून गेला नाई. पुढच्या दारानं यायची त्याची हिंमतच नोती. परसातून वळसा घालून चोरावानी घरात शिरे. सून दिसू नये म्हणून सोताच्या घरात चोर झाला म्हातारा. मले आधी दया ये. मंग मी रोज तिची जखम धुवाले लागली अन माही दया सरली.

गावात कोणी पडलं का रंगूबाई खोलीतून वरडे, "बसवू नोका! फळी आणा!" कोणी ऐके का? लोक हासत. सोताची पाठ मोडली म्हणून हिले साऱ्याईच्याच पाठी मोडेल दिसतात, म्हणत. एकदा तांड्यातला रूपला विहीर खंदताना डोक्यावर पडला. मी धावत गेली, तिचा निरोप सांगतला, मानेले हात लावू नोका म्हटलं. एक शहाणा म्हणे, "पाणी तं पाजू दे वं बाई." बसवलं त्याले. मान लटकन मागं गेली. पाण्याचा घोट घशातच राह्यला, अन रूपला गेला. मी घरी येऊन सांगतलं, तं रंगूबाईनं जेवणाचं ताट भिताडावर फेकलं. "मेला का? पाणी पाजून मारला का? आता न्या म्हणा तिरडीवर, आता चालते ना!" पलीकडं परसात पुंजाजी होता. त्याले ऐकू गेलंच असन.

मंग लढाईचे दिवस आले. घासलेट मिळेना, लाकूड मिळेना, साग तं सारा लढाईले गेला म्हणत. उन्हाळा होता. पुंजाजी म्हातारा झाला होता तरी कडब्याच्या गंजीवर सोताच चढे, कोणाचं ऐकेल तं शपथ. वरून पेंढ्या फेकता फेकता पाय सटकला अन धाडकन आला खाली, ढोराच्या दगडी कुंडीच्या काठावर. पाठीवर. मी शेण काढून राह्यली होती, माह्या डोळ्यासमोर झालं. त्यानं अशी बोंब ठोकली का आजूबाजूची सारी माणसं गोळा झाली.

खोलीतून आवाज आला, "कोण पडलं वं?"

"मामाजी!" मी म्हटलं.

खोली गप झाली. खरं सांगते, मी तिच्या जागी असती तं गपच राह्यली असती. म्हटलं असतं, बसवा म्हाताऱ्याले, घाला गाडीत, खडखड न्या त्याच नाल्यातून. मी मोठ्या मनाची नाई अन तीबी नोती. पण तिचा आवाज आला.

"रुख्मिणे, इचार, अंगठे हलतात का?"

मी इचारलं. म्हाताऱ्यानं हलवले. "हलतात!"

"मंग कोणाले हात लावू देऊ नोको! जो लावन त्याचा हात मोड!"

तोपर्यंत माह्या नवऱ्यानं बापाच्या काखेत हात घातलेच होते. मी त्याले असा ढकलला का तो शेणात बसला. जल्माचं समाधान झालं मले. तिकडून ती वरडे, "माहं कवाड न्या!" फय्याज अन त्याची बायको जुबेदा धावत आले होते. फय्याज कवाड आणाले वळला तं चार म्हाताऱ्या माणसाईनं वाट अडवली. जित्या माणसाले कवाडावर? तिरडीच झाली ते! अन पुंजाजी खाली पडल्या पडल्या रडे, "मले तिरडीवर नोका घालू रे बाप्पा, बसवा मले, पाया पडतो."

फय्याज म्हणे, "आमच्यात मय्यत खाटल्यावर नेतात. मंग काय मी खाटल्यावर झोपाचं सोडू?" कोणी हासलं नाई. कोणी सरकलंबी नाई. जुना नाला, जुनी गाडी, जुनंच सारं पुन्हा होऊन राह्यलं होतं, अन माह्या अंगाचा नुसता जाळ झाला होता.

तवा रंगूबाईनं तो पडदा ओढून फाडला. आंगणातून ती साऱ्याईले दिसली.

"तिरडीले बाया खांदा देतात का?" ती वरडली. "सांगा ना! देतात का?"

तुळसाबाईच बोलली, "नाई वं माय, बाया कशा देतीन."

"मंग बाया उचला! बायाईनं उचललं का तिरडी होतच नाई. आहे का कोणाच्या तोंडात जबाब?"

ज्या रीतीनं तिचे पाय नेले, त्याच रीतीनं तिनं त्याईचं तोंड बंद केलं. म्हातारे एकमेकाकडं पाहत वाटेतून बाजूले झाले. मी अन जुबेदानं तिले कवाडावरून उचलून खाली भुईवर ठेवलं, अन कवाड आंगणात आणलं. चार बाया आमी: मी, जुबेदा, शेजारची मोतीबाई अन सोता तुळसाबाई, रडणं थांबवून. रंगूबाई भुईवर कोपरावर टेकून सांगे अन आमी करू.

"मोतीबाई, डोकं धर दोन हातानं. सोडलं तं याद राख! रुख्मिणे, तू खांदे. जुबेदा, कंबर. आत्याबाई, पाय धरा. मी म्हणीन तवा, एकदम."

पुंजाजीनं पुन्हा सुरू केलं, "बसवा रे मले, बसवा..."

"मामाजी, चूप!" ती म्हणे. असं सुनेनं सासऱ्याले म्हटलेलं आसेगावानं कधी ऐकलं नोतं. "त्या दिवशी मी चूप राह्यली होती. आज तुमी चूप राहा."

तो चूप झाला. आमी त्याले एकदम फिरवलं, फय्याजनं पाठीखाली कवाड सारलं, अन आमी चौघीनं उचललं. गाडीत हातभर कडबा टाकला होता, त्याच्यावर कवाड ठेवलं. गाडी नाल्यातून नाई नेली, लांबच्या वाटेनं नेली, बैलाच्या पुढं माणूस चालत. वाशीमले मालमोटारीतबी कवाडासकट चढवला. अकोल्याले जुना डॉक्टर बदलून गेला होता, दुसरा होता. त्यानं टाचणी टोचली तं म्हातारा पार अंगठ्यापर्यंत वरडत गेला. डॉक्टर म्हणे, मणका मोडला आहे, दोरी शाबूत आहे. कोणी आणलं असं? इंद्रभाननं सांगतलं, "माह्या बायकोनं." कोणत्या ते सांगतलं नाई, नालायकानं.

म्हाताऱ्याले तिथं लय दिवस आडवं ठेवलं, कवाड तिकडंच राह्यलं. अन इकडं रंगूबाई नुसत्या बाजेवर. मी दारोदार फिरली, एक फळी द्या म्हणून. फळ्या नोत्या का गावात? होत्या. पण रंगूबाईच्या बाजेवर गेलेली फळी घरात परत कशी घ्याची, हा त्याईचा इचार. फय्याजनं कुठून कुठून तुकडे जोडून पाटा करून आणला, तोपर्यंत बाजेची दोरी खाली बसली होती अन भरेल जखम पुन्हा फुटली होती. ती मंग कधीच भरली नाई.

पोळ्याच्या तोंडावर पुंजाजी घरी आला. काठी टेकत, पण सोताच्या पायानं. आला तो सवयीनं परसाकडंच वळला. रंगूबाईनं काठीचा आवाज ओळखला.

"मामाजी, पुढून या."

तो आला. तिच्या खोलीपुढं उभा राह्यला अन हात जोडून ढसाढसा रडला. "माय, तू मले पाय देल्ले."

"मी नाई देल्ले," ती म्हणे. "तुमचे होते ते तुमच्यापाशी राह्यले. माहेबी राह्यले असते."

म्हातारा पुन्हा परसाकडं वळाले लागला. ती म्हणे, "आता परसातून नाई जायचं. रोज सकाळी इथून चालत जायचं, माह्यापुढून. मले दिसले पायजेत."

लोक म्हणतात तिनं क्षमा केली. साफ खोटं आहे. क्षमा-बिमा काई नाई. तो रोज सकाळी ये, बिनाकवाडाच्या चौकटीले धरून उभा राहे. ती त्याच्या तोंडाकडं कधी पाहे ना, पायाकडं पाहे. म्हणे, "अंगठे हलवा." तो हलवे. ती पाहत राहे, लय वेळ पाहत राहे. मंग म्हणे, "जा." अन मी जखम धुवाले बसे.

त्या जखमेनंच ती गेली. गावानं तिले तिरडीवर नेलं, माणसाईनं खांदे देल्ले, सारं रीतीनं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली सारवत होती, तं काठी वाजली. पुंजाजी येऊन चौकटीले धरून उभा होता. रिकाम्या बाजेकडं पाहून त्यानं दोन्ही अंगठे हलवले अन तसाच थांबला. जा म्हणणारं कोणी नोतं ना.

मी सारवण हातात घेऊन त्याच्या पायाकडं पायलं. मंग म्हटलं, "जा. अन उद्याबी या."